प्रस्तावना : शिकवलेली भीती

घरी यमन स्वच्छ गाणाऱ्या मुलीचा परीक्षकांसमोर षड्जच लागत नाही. क्लासमध्ये कायदा बिनचूक वाजवणाऱ्या मुलाचा हात गुरुपौर्णिमेच्या कार्यक्रमात घामाने शाईवरून सरकतो, लय चढत जाते आणि तिहाई समेच्या एक मात्रा आधीच येऊन पडते. बाहेर आल्यावर आई म्हणते, "रियाज कमी पडला." सर म्हणतात, "लक्ष कुठे होतं?" मूल काहीच बोलत नाही. मनातल्या मनात ते या दोघांच्याही पुढे जाऊन पोचलेलं असतं : आपल्यात काही नाहीच. ही तिन्ही निदानं बहुधा चुकीची असतात. रियाज झालेला असतो. लक्ष तर गरजेपेक्षा जास्तच असतं. आणि ज्याच्यात काही नाही ते मूल कालपर्यंत घरी गात कसं होतं, हा प्रश्न कोणी विचारत नाही.

हे पुस्तक संगीत शिकणाऱ्यांच्या या भीतीबद्दल आहे. ती शरीरात कशी उतरते, मनात कुठून येते, आणि घर, क्लास, परीक्षा, मंच यांनी ती कशी पोसली जाते, हे यात मांडलं आहे. पुस्तकाचं म्हणणं थोडक्यात असं : धडधड जन्मजात आहे, पण गाण्याला घाबरणं शिकवलं जातं. मुद्दाम कोणी शिकवत नाही. प्रेमापोटी, कौतुकाच्या भरात, शिस्त म्हणून, कधी निव्वळ घाईने ते शिकवून होतं. जे शिकवलं गेलं ते वेगळ्या तऱ्हेने शिकवताही येतं, म्हणून हे पुस्तक विद्यार्थ्याइतकंच शिक्षकाच्या आणि पालकाच्या हाती पडावं अशी इच्छा आहे.

या विषयावर आपल्याकडे फारसं मोकळेपणाने बोललं जात नाही. त्याचं एक कारण आपण कलावंतांच्या कोणत्या गोष्टी सांगतो यात आहे. 1911 साली मुंबईत 'मानापमान'चा पहिला प्रयोग होता, त्या दिवशी बालगंधर्वांची लहान मुलगी गेली आणि तरीही ते रंगमंचावर उभे राहिले. ही हकिगत मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते, आणि ती सांगण्यासारखीच आहे. पण केवळ अशाच गोष्टी ऐकत वाढलेल्या मुलाची समजूत होते, की खरा कलावंत डगमगत नाही. दुसऱ्या बाजूच्या गोष्टी त्याच्या कानावर पडत नाहीत. पाब्लो कासाल्स हे विसाव्या शतकातले अग्रगण्य चेलोवादक. मैफलीआधीची भीती त्यांना जन्मभर सुटली नाही. 1901 साली सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या तमालपाइस डोंगरावर त्यांच्या डाव्या हातावर दगड कोसळला, तेव्हा पहिला विचार सुटकेचा आला, आता पुन्हा वाजवायला नको, असं त्यांनी आठवणींत सांगून ठेवलं आहे. व्लादिमीर होरोविट्झ यांच्यासारखा पियानोवादक कीर्तीच्या शिखरावर असताना 1953 ते 1965 अशी बारा वर्षं जाहीर मैफलीपासून दूर राहिला. 1987 साली अमेरिकेतल्या वाद्यवृंदांमधल्या वादकांच्या संघटनेने आपल्या सभासदांची पाहणी केली. उत्तर देणारे 2,212 वादक होते. त्यांपैकी 24 टक्क्यांनी मंचाची भीती ही आपली अडचण असल्याचं नोंदवलं. हे सगळे वाजवण्यावर पोट असलेले, पुरे तयार झालेले लोक. घाबरतात ते कच्चे, हा समज इथेच सोडून पुढे जायला हवं.

शरीराचा हिशेब सरळ आहे. समोर धोका आहे असं मेंदूने ठरवलं की अ‍ॅड्रेनलिन सुटतं आणि शरीर झुंजायला किंवा पळायला सज्ज होतं. अमेरिकी शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी 1915 साली हे सविस्तर मांडलं. पळणाऱ्याला यातली प्रत्येक गोष्ट उपयोगी पडते, गाणाऱ्या-वाजवणाऱ्याला जवळजवळ प्रत्येक गोष्ट आडवी येते. रक्त त्वचेकडून मोठ्या स्नायूंकडे वळतं, म्हणून सतार धरलेली बोटं गार पडतात. लाळ आटते, म्हणून बासरीवाल्याचे ओठ सुकतात आणि गाणाऱ्याच्या घशाला कोरड पडते. श्वास छातीच्या वरच्या भागातच घुटमळतो, म्हणून विलंबित ख्यालात लांबवलेला स्वर डळमळतो. सगळी आतली घड्याळं पुढे धावतात, त्यामुळे नेहमीची मध्यलय अचानक संथ वाटू लागते आणि विद्यार्थी तबलजीच्या पुढे पळतो. यातलं थोडं हवंही असतं. रॉबर्ट यर्क्स आणि जॉन डॉडसन यांनी 1908 साली उंदरांवर केलेल्या प्रयोगांत दिसलं, की काम सोपं असेल तर तीव्र उत्तेजना खपून जाते, पण काम अवघड असेल तर मध्यम उत्तेजनेलाच ते चांगलं साधतं. शिकणाऱ्याला राग अजून अवघडच असतो, हे इथे लक्षात ठेवायचं.

मात्र शरीर सगळ्यांचंच धडधडतं. मग एकाचं गाणं उजळतं आणि दुसऱ्याचं ढासळतं, ते का? यावर गेल्या तीसेक वर्षांत बरंच काम झालं आहे, आणि त्यातून ढासळण्याच्या दोन वेगळ्या तऱ्हा पुढे येतात. पहिली तऱ्हा घोटून तयार केलेल्या गोष्टींची. शेकडो वेळा म्हटलेली तान किंवा पियानोवरची पाठ रचना हळूहळू अंगवळणी पडते. ती म्हणताना पुढचा स्वर कोणता हा विचार करावा लागत नाही. भीती वाटली की माणूस स्वतःवर पहारा ठेवू लागतो. आता निषाद, आता षड्ज, आता बोट इथे. अंगात मुरलेली गोष्ट सुटी सुटी करून पाहिली की ती तुटते. गोव्यात आणि मुंबईत पाश्चात्त्य संगीताच्या परीक्षा देणारी मुलं पाठ केलेल्या रचनेत मध्येच अडकतात आणि पुन्हा पहिल्या ओळीपासूनच सुरू करावं लागतं, त्याचं मर्म यात आहे.

दुसरी तऱ्हा उपजेची, म्हणजे विशेषतः आपल्या संगीताची. आलाप करताना गाणाऱ्याला एकाच वेळी बरंच सांभाळायचं असतं : कोणत्या स्वरावर वळलो, कोणती जागा आधीच घेऊन झाली, आवर्तनात कुठे आहोत, मुखडा कुठून उचलायचा. हे सगळं मनाच्या ज्या छोट्याशा जागेत चालतं, तिथेच काळजी येऊन बसते. "सर काय म्हणतील" या एका वाक्याने दोन मात्रांची जागा खाल्ली की सम हुकते. पहिल्या तऱ्हेत लक्ष नको तिथे जास्त झालं, दुसरीत हवं तिथे कमी पडलं. "नीट लक्ष दे" हा एकच उपदेश दोघांना दिला, तर पहिल्याचं नुकसान वाढतं. हा भेद शिक्षकाला ओळखता आला तरी अर्धं काम होईल, असं मला वाटतं.

आता मुळांकडे. सिडनी विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ डायना केनी यांनी संगीतकारांच्या भीतीवर प्रदीर्घ संशोधन केलं. त्यांचा ग्रंथ 2011 साली आला. त्यासाठी त्यांनी डेव्हिड बार्लो यांच्या चिंताविषयक सिद्धांताचा आधार घेतला. या सिद्धांतात तीन थर आहेत. पहिला जन्मजात स्वभावाचा : काही मुलं मुळातच हळवी, चटकन दचकणारी असतात. दुसरा लहानपणीच्या अनुभवाचा : आपल्या हातात काही आहे, आपण काही केलं तर परिस्थिती बदलते, हा विश्वास मुलाला मिळाला की नाही. तिसरा त्या विशिष्ट गोष्टीशी जोडलेल्या अनुभवाचा : गाणं म्हणजे लाज, गाणं म्हणजे तुलना, अशी गाठ कधी बसली का. पहिला थर आपल्या हाती नाही. दुसरा घराच्या हाती आहे आणि तिसरा बराचसा क्लासच्या. तीन थर एकावर एक बसले की भीती पक्की होते. एखादाच असेल तर ती येते आणि जाते.

दुसऱ्या थराबद्दल पालकांना एक गोष्ट ऐकायला विचित्र वाटेल : कौतुकही घाबरवतं. क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक यांनी 1998 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत पाचवीतल्या काही मुलांना, तू हुशार आहेस, असं म्हटलं गेलं, तर काहींच्या मेहनतीची तारीफ झाली. हुशारीचं कौतुक झालेली मुलं पुढे सोपं काम निवडू लागली आणि अपयश आल्यावर लवकर खचली. आपल्याकडे गाणाऱ्या मुलाला मिळणारी दाद आठवून पाहा. देवाची देणगी आहे, गळ्यात सरस्वती आहे, आजोबांचाच आवाज उतरलाय. देणगी मिळालेल्या माणसाने चुकायचं कसं? प्रत्येक कार्यक्रम मग देणगी खरी आहे की नाही याची परीक्षा होऊन बसतो. पॉल ह्युइट आणि गॉर्डन फ्लेट यांनी 1991 साली परिपूर्णतेच्या हव्यासाचे प्रकार वेगळे करून दाखवले. स्वतःकडून अचूकतेची अपेक्षा ठेवणं हा एक प्रकार. इतरांना आपण अचूकच हवे आहोत, एरवी आपली किंमत नाही, असं वाटणं हा दुसरा. विद्यार्थ्याला पोखरतो तो हा दुसरा.

तिसऱ्या थरात क्लास येतो, आणि इथे आपल्या परंपरेकडे सरळ नजरेने पाहावं लागतं. "हे आमच्या घराण्यात चालत नाही" हे वाक्य सौंदर्यदृष्टी शिकवण्यासाठी वापरता येतं आणि मुलाला चारचौघांत गप्प करण्यासाठीही. "ती बघ, तुझ्यानंतर आली आणि तिचे मारवा, पूरिया झाले" या तुलनेतून मारवा येत नाही, शेजारणीची धास्ती मात्र येते. मुलाच्या लेखी पहिला श्रोता गुरू असतो. त्या श्रोत्याची नजर जशी, तशी पुढे सगळ्या सभागृहाची नजर त्याला वाटत राहते. ज्याला चूक झाल्यावर थांबवून ओरडलं गेलं, त्याला मंचावर चूक झाल्यावर पुढे जाता येत नाही, कारण पुढे जाण्याचा रियाज त्याने कधी केलेलाच नसतो.

तरीही याच परंपरेत या भीतीवरचा एक चांगला उपाय, उपाय म्हणून नाव न घेता, होता. शिष्य मंचावर जायचा तो एक-एक पायरी चढत. आधी गुरूच्या मागे तानपुरा धरून नुसतं बसायचं. पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवात आजही मोठ्या कलावंतामागे तानपुऱ्यावर असे शिष्य दिसतात. हजारो श्रोते समोर, दिवे अंगावर, आणि जबाबदारी चार तारांची. मग स्वरसाथ : गुरूने श्वास घेतला की तेवढाच स्वर लावायचा, एखादी जागा मिळाली तर घ्यायची. मग घरगुती बैठक, मग गुरुबंधूंसमोर पंधरा मिनिटं, आणि फार पुढे स्वतंत्र मैफल, तीही गुरूने सांगितल्यावर. चिंतेवर उपचार करणारे मानसशास्त्रज्ञ आज हेच करतात. भीतीच्या गोष्टीला थोडं थोडं, झेपेल इतकं, पुन्हा पुन्हा सामोरं जाऊ देतात. रॉबर्ट झायोंक यांनी 1965 साली मांडलेली गोष्टही इथे जुळते : बघणारे समोर असले की पक्क्या झालेल्या गोष्टी अधिक चांगल्या होतात आणि कच्च्या गोष्टी अधिक बिघडतात. राग पिकेपर्यंत शिष्याला बाहेर गाऊ न देणारे गुरू कठोर वाटत. त्यांतल्या काहींच्या कठोरपणात हा शहाणपणा होता. काहींच्या कठोरपणात केवळ मालकी होती, हेही विसरू नये.

या पायऱ्या हळूहळू निघून गेल्या. विष्णु दिगंबर पलुस्करांनी 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि पुढे ते मुंबईत आणलं. गाणं वर्गात आलं, अभ्यासक्रमात आलं, सामान्य घरातल्या मुलामुलींसाठी खुलं झालं. हे ऋण फार मोठं आहे. त्याच वाटेवर 1931 साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या, प्रारंभिकपासून अलंकारपर्यंतच्या परीक्षा आल्या. परीक्षेचं एक अंगभूत लक्षण असं, की ती मुलाला थेट परक्या माणसासमोर बसवते : अनोळखी परीक्षक, अनोळखी तबलजी, वेगळ्या पट्टीत वाजणारी पेटी, आणि हातावर ताल धरून दुगुन म्हणायचा हुकूम. त्यात दहावीला शास्त्रीय कलांच्या परीक्षांचे वाढीव गुण मिळू लागल्यापासून कित्येक घरांत परीक्षेचं वेळापत्रक गाण्याच्या वेगाने ठरत नाही, मार्कांच्या वेगाने ठरतं. परीक्षा बंद करा असं मी म्हणत नाही. मुलाला दुसऱ्यासमोर गाण्याचा पहिला अनुभव परीक्षेतच यावा, याला माझा विरोध आहे.

पुढे दूरचित्रवाणीने अनेक पायऱ्या एका उडीत पार केल्या. 2008-09 सालच्या 'सारेगमप लिटिल चॅम्प्स'ने मराठी घराघरांत लहान मुलांचं गाणं पोचवलं. ती मुलं गुणी होतीच. पण घरोघरच्या आईवडिलांना एक नवं माप मिळालं : दहाव्या वर्षी दिव्यांखाली, गुण आणि मतं मोजत, हसत गाणारं मूल. आता प्रत्येक हातात मोबाइल आहे. क्लासच्या छोट्या कार्यक्रमातली हुकलेली सम पूर्वी त्याच संध्याकाळी विसरली जायची, ती आता नातेवाइकांच्या ग्रुपवर राहते. मुलग्यांच्या बाबतीत याला आणखी एक धार आहे. अकराव्या वर्षी बक्षिसं मिळवणाऱ्या मुलाचा आवाज तेराव्या-चौदाव्या वर्षी फुटतो. स्वरयंत्र वाढत असतं, कालचा तारषड्ज आज लागत नाही. हे नैसर्गिक आहे, काही काळ पट्टी उतरवून हलकं गायचं असतं, एवढं त्याला कोणी सांगत नाही. कौतुक आटलेलं त्याला दिसतं, कारण दिसत नाही. मंचाची भीती कायमची बसण्याचं हे वय आहे.

मुलींच्या वाट्याला नजरेचा आणखी एक पदर येतो. चारचौघांत बसून गाणं हे घरंदाज बाईचं काम नव्हे, हा समज महाराष्ट्रात मागे पडून फार काळ झालेला नाही. हिराबाई बडोदेकरांसारख्या गायिकांनी जाहीर मैफलीत बाईला प्रतिष्ठेची जागा मिळवून दिली, त्याला जेमतेम शंभर वर्षं होताहेत. आजही मुलीला सूचना मिळतात त्या सुराच्या कमी आणि बसण्याच्या, साडीच्या, चेहरा वाकडा न करण्याच्या जास्त. तान घेताना तोंड कसं दिसतंय याची काळजी करणारीचा जबडा मोकळा राहत नाही, आणि आवळलेल्या जबड्यातून तान सुटत नाही.

इतरांची नजर आपल्याला वाटते तितकी आपल्यावर खिळलेली नसते, हे दाखवणारा एक गमतीदार प्रयोग थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांनी 2000 साली प्रसिद्ध केला. विद्यार्थ्याला लाज वाटेल असं चित्र असलेला टी-शर्ट घालून त्याला इतरांच्या खोलीत पाठवलं. निम्म्या लोकांच्या तरी ते लक्षात आलं असेल, असा त्याचा अंदाज. प्रत्यक्षात सुमारे चौथाई लोकांच्याच लक्षात आलं होतं. याच गटाच्या पुढच्या कामात आणखी दिसलं, की भाषणाआधी "तुमची घालमेल समोरच्यांना तुम्हाला वाटते तेवढी दिसत नाही" एवढंच समजावून सांगितलेले लोक अधिक चांगलं बोलले. माझ्या विद्यार्थ्यांना मी त्यांच्याच कार्यक्रमाचं चित्रीकरण दाखवते, तेव्हा त्यांची पहिली प्रतिक्रिया बहुधा हीच असते : इतका हात कापत होता, तो दिसतच नाहीये.

औषधांबद्दल स्पष्ट बोलायला हवं. हृदयाची धडधड आणि हाताचा कंप कमी करणारी बीटा ब्लॉकर गटातली औषधं संगीतकार वापरतात हे गुपित नाही. वर सांगितलेल्या 1987 च्या पाहणीत 27 टक्के वादकांनी ती वापरल्याचं सांगितलं होतं. ही औषधं कंप थांबवतात, भीतीचं मूळ त्यांना दिसत नाही. दमा असलेल्यांना ती धोकादायक ठरू शकतात. मित्राने दिलेली गोळी परीक्षेआधी घेणं हा प्रकार चालवून घेऊ नये. डॉक्टरांचा सल्ला हाच एक मार्ग. तसंच, ज्या मुलाची झोप उडाली आहे, जे गाणं सोडून इतर गोष्टींनाही टाळू लागलं आहे, त्याला या पुस्तकाची नाही, मानसोपचारतज्ज्ञाची गरज आहे.

पुस्तकाची रचना अशी आहे. पहिली दोन प्रकरणं शरीर आणि लक्ष यांबद्दल. तिसरं घराबद्दल, चौथं परीक्षा आणि स्पर्धांबद्दल. पाचवं प्रकरण शिक्षकांसाठी असून त्यात वर सांगितलेल्या पायऱ्या आजच्या क्लासमध्ये पुन्हा कशा बांधायच्या ते आहे : दर आठवड्याला पाच मिनिटं एकमेकांसमोर गाणं, अनोळखी तबलजीला अधूनमधून बोलावणं, आणि मुद्दाम सम हुकवून न थांबता पुढच्या आवर्तनात मुखडा पकडण्याचा सराव. हा शेवटचा सराव मुलांना सर्वांत आवडतो. सहावं प्रकरण विद्यार्थ्यांसाठी, कार्यक्रमाच्या आधीच्या दिवसांत काय करावं याचं. सातवं आवाज फुटण्याच्या वयाबद्दल. आल्बर्ट बांदुरा यांनी 1977 साली आत्मविश्वासाचे चार स्रोत सांगितले : स्वतः करून साधलेली गोष्ट, आपल्यासारख्याने साधलेली पाहिलेली, विश्वासातल्या माणसाचा शब्द, आणि आपल्या शरीराकडे पाहण्याची रीत. पुस्तकातले सगळे सराव या चारांपैकी कुठल्या ना कुठल्या स्रोताला पाणी पुरवतात, आणि पहिल्याला सर्वांत जास्त.

पुस्तक पहिल्या पानापासून वाचायलाच हवं असं नाही. परीक्षा पंधरा दिवसांवर आली असेल तर विद्यार्थ्याने सहावं प्रकरण आधी उघडावं आणि बाकीचं निकालानंतर वाचावं. पालकांनी तिसरं प्रकरण मूल झोपल्यावर वाचावं, कारण त्यातली काही वाक्यं ओळखीची निघतील. शिक्षकांना मात्र एक काम आधीच सांगते. आपल्या क्लासचं गेल्या वर्षाचं वेळापत्रक काढा आणि एकेका मुलाला, परीक्षा सोडून, दुसऱ्या माणसासमोर गायची-वाजवायची वेळ वर्षात कितीदा आली ते मोजा. आकडा एक किंवा दोन निघाला, तर त्याच्या भीतीचं कारण त्याच्या स्वभावात शोधायच्या आधी पाचवं प्रकरण वाचायला घ्या.